यजमान कोण, पाहुणा कोण?

फ्रेंच भाषेत ‘ओत’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणा, आणि यजमानसुद्धा! कविता करणाऱ्या माणसाला अशा शब्दाचं अप्रूप वाटणारच. पण तो मला खरा कळला २०१९ च्या ऑक्टोबरात, फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोत जिल्ह्यातल्या एका शेतघरात.

लेक नोकरीनिमित्त तुलूझला होती. चार दिवस खेड्यात राहू या, असं तिनं ठरवलं. तिकडे अशा मुक्कामाचे मुख्य प्रकार दोन. ‘झीत’ म्हणजे अख्खं घर भाड्यानं, बहुधा आठवड्यासाठी. स्वयंपाक आपला आपण करायचा. ‘शांब्र दोत’ म्हणजे मालकाच्या राहत्या घरातली खोली, न्याहारीसह.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडी ओस पडू लागली, दगडी घरं रिकामी झाली. एमिल ओबेर या सिनेटरच्या पुढाकारानं १९५१ मध्ये दक्षिण आल्प्समध्ये पहिलं झीत उघडलं आणि १९५५ मध्ये ‘झीत द फ्रान्स’ ही संघटना उभी राहिली. शहरातल्या कुटुंबांना बेताच्या खर्चात सुट्टी आणि खेड्याला चार पैसे, असा दुहेरी हिशेब. हॉटेलांना तारे देतात, तशा ही संघटना गव्हाच्या ओंब्या देते!

शांब्र दोतमध्ये नियमानं जास्तीत जास्त पाच खोल्या आणि पंधरा माणसं. रात्रीचं जेवण हवं असेल तर ‘ताब्ल दोत’: घरच्यांच्याच मेजावर, स्थानिक जिनसांचं, सर्वांना एकच.

इथेच माझी पंचाईत झाली. हा मुलूख बदकांचा; बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. मला हलाल नसलेलं मांस चालत नाही, दारूही नाही. लेकीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडच्या बाई गप्पच झाल्या. ‘विचार करून कळवते,’ म्हणाल्या.

‘‘अब्बा, झीतच घेऊ या का?’’ लेकीनं विचारलं. मलाही तेच सोपं वाटलं. परक्याच्या दारी आपण पोचायच्या आधी आपले नकार पोचवायचे, हे पन्नाशी उलटली तरी अंगवळणी पडत नाही. पण संध्याकाळी बाईंचा फोन आला, ‘या.’

लांबलचक लाकडी मेजाभोवती आम्ही तिघं, बेल्जियमचं एक जोडपं आणि घरमालक नवरा-बायको. अळंबीचं ऑम्लेट, लोण्यात परतलेले बटाटे, अक्रोडाचं तेल घातलेला हिरवा पाला, शेवटी रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, चपट्या पेढ्यासारखं. काओरची काळसर वाइन मेजावर फिरत होती. माझ्या पेल्यात बाई न विचारता पाणी ओतत होत्या.

बेल्जियमच्या गृहस्थांनी बदकाची चौकशी केली. ‘ताब्ल दोतला मी दोन स्वयंपाक करत नाही,’ बाई म्हणाल्या. त्यांचा हिरमोड दिसला आणि माझ्या घशात घास अडकला. एका माणसाच्या पथ्यापायी सगळ्यांनी का उपवास करावा? दुसऱ्या दिवशी लेकीकरवी मीच गळ घातली, की आज बदक होऊ द्या, आम्ही बाकीचं खाऊ. त्या रात्री मेजावर बदक आलं. बटाटे मात्र पुन्हा लोण्यातलेच होते, सर्वांसाठी.

निघताना हिशेबाचा कागद हाती आला. खोली, जेवणं, सगळं चोख मांडलेलं. अक्रोडाच्या तेलाची छोटी बाटली तेवढी त्यात नव्हती. ती आमच्या बायकोनं उचलली नव्हती, बरं का. बाईंनीच तिच्या पिशवीत ठेवली होती.