नवी बॅटरी आणि जुना परिवर्तक

अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत क्वार्टझसाइट नांवाचें एक लहानसें गांव आहे. उन्हाळ्यांत तेथील वाळवंट ओस असतें. परंतु हिंवाळा आला, कीं उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेलीं हजारों कुटुंबें आपलीं चाकांवरचीं घरें घेऊन तेथें उतरतात. या घरांना तिकडे आर. व्ही. म्हणतात. चूल, बिछाना, न्हाणीघर, शीतपेटी असा सारा संसार त्या एका गाडींत सामावलेला असतो. गांवाजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत दीर्घ मुक्काम करतां येतो. मात्र गाडीला वीज पुरविणारे खांब त्या माळावर नाहींत. रात्रीचा दिवा, पाण्याचा पंप आणि ऊब देणाऱ्या भट्टीचा पंखा, या सर्वांचा भार बॅटरीवर. भट्टींत जळतो तो गॅस खरा. पण पंखा फिरल्यावांचून भट्टी पेटत नाहीं. बॅटरी संपली, कीं गॅसची टांकी भरलेली असूनहि घर गारठतें.

पूर्वीं हें काम सर्वत्र शिशाच्या बॅटरीकडे असे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून ती सिद्ध केली. आपल्याकडे घरगुती इन्व्हर्टरला जोडलेली जी बॅटरी अधूनमधून शुद्ध पाणी मागते, ती तिचीच वंशज. ती स्वस्त आणि सोशिक असते; पण निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून १०० अँपिअर-तासांच्या बॅटरींतून ५० च वापरावयाचे असा शिरस्ता पडला. लिथियम-लोह-फॉस्फेटची तेवढीच बॅटरी जवळजवळ सगळी वापरतां येते, वजनानें सुमारें निम्मी भरते, आणि हजारों वेळां भरून रिकामी करतां येते. हें द्रव्य बॅटरीच्या उपयोगी पडेल असें जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठांतील प्रयोगशाळेनें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दाखविलें. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ यांना अन्य दोघांसह मिळालें.

इतके गुण पाहून पुष्कळ गाडीवाले जुनी बॅटरी काढून नवी बसवितात, आणि काम झालें असें समजतात. परंतु बॅटरीला अन्न भरविणारें यंत्र जुनेंच राहतें. या यंत्राला कन्व्हर्टर, म्हणजे परिवर्तक, म्हणतात. गाडी एखाद्या सोयीच्या तळावर खांबाला जोडली, कीं तेथील १२० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह घेऊन तो त्याचा १२ व्होल्टच्या घरगुती तारांना मानवणारा एकदिश प्रवाह करतो, आणि त्याच वेळीं बॅटरीहि भरतो.

घोटाळा होतो तो दाबाच्या बाबतींत. शिशाची बॅटरी सदैव भरलेली ठेवावी लागते. ती अर्धवट राहिली, तर तिच्या पत्र्यांवर कठीण क्षार जमतो. म्हणून अनेक जुने परिवर्तक तिला अहोरात्र सुमारें १३.६ व्होल्टवर धरून ठेवीत. लिथियमची रीत याच्या उलट. तिच्यांत ३.२ व्होल्टचे चार घट एकापुढें एक जोडलेले असतात. ते नीट भरण्यास १४.२ ते १४.६ व्होल्टचा दाब लागतो, आणि भरल्यावर त्यांना विश्रांति हवी असते. १३.६ व्होल्टवर बॅटरी भरते, पण अतिशय रेंगाळत. शिवाय चारहि घट समपातळीवर आणण्याचें काम बहुधा त्याहून वरच्या दाबावर होत असल्यामुळें तें राहून जातें. दुसऱ्या जातीचे परिवर्तक शिशाच्या पत्र्यांवरील क्षार झाडण्यासाठीं मधूनमधून दाब १५ व्होल्टच्याहि वर नेतात. तो लिथियमला अपायकारक असतो, आणि बॅटरीच्या पोटांतील संरक्षक मंडल अशा वेळीं तिला बाहेरच्या तारांपासून तोडून टाकतें.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. शिशाची बॅटरी भरत आली, कीं आपणहून प्रवाह कमी घेऊं लागते. लिथियमचा अंतर्गत विरोध अल्प असल्यामुळें ती जवळजवळ अखेरपर्यंत मिळेल तितका प्रवाह ओढते, आणि परिवर्तकाला तासन् तास पूर्ण भारानें राबून तापावें लागतें. बारीक तारांनाहि हाच ताप. ५० अँपिअरच्या प्रवाहाला वाटेंत ओहमच्या शंभराव्या भागाएवढा जरी विरोध झाला, तरी अर्धा व्होल्ट तारेंतच खर्ची पडतो. म्हणजे परिवर्तकानें १४.४ दिले, तरी बॅटरीपर्यंत १३.९ च पोंचतात. पैसे नव्या यंत्राचे गेले आणि चाल जुन्याचीच राहिली, असा हा प्रकार.

यापेक्षांहि फसवा तो जुना दाबमापक. शिशाची बॅटरी रिकामी होतांना दाब हळूहळू उतरतो आणि दिवे मंद होऊन वेळींच इशारा देतात. लिथियमचा दाब मात्र बराच काळ १३ व्होल्टच्या आसपास स्थिर असतो. आंत निम्मा सांठा उरला आहे कीं पाऊण, हें त्यावरून उमगत नाहीं. आणि सांठा संपतांच संरक्षक मंडल एकाएकीं वीज तोडतें. आदल्या दिवशीं अर्धवट भरलेली बॅटरी पूर्ण भरली आहे अशा समजुतींत निजलेल्या कुटुंबाची भट्टी मग ऐन पहांटे बंद पडते. म्हणून आंत गेलेले व बाहेर आलेले अँपिअर-तास मोजणारा मापक परिवर्तकाबरोबरच बसविणें शहाणपणाचें.

थंडीचें पथ्य तर अधिकच कडक. शून्य अंश सेल्सियसच्या खालीं लिथियम बॅटरी वापरतां येते, पण भरूं नये. त्या थंडींत लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत न शिरतां त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपानें सांचतात, आणि ती हानि कायमची असते. चांगल्या बॅटरींतील मंडल अशा वेळीं भरणें थांबवितें. तरीहि गाडीबाहेरच्या पेटींतून बॅटरी उबेच्या जागीं आणणें बरें.

प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वीं परिवर्तकावरील पट्टी वाचावी. कांहीं परिवर्तकांना लिथियमसाठीं कळ दिलेली असते, आणि तेथें नवा घेण्याची गरजच नसते. नवा घ्यावयाचा झाल्यास बॅटरीच्या निर्मात्यानें सांगितलेल्या प्रवाहमर्यादेच्या आंतला घ्यावा. १०० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीला ही मर्यादा पुष्कळदां ५० अँपिअर असते. प्रथम खांबाची दोरी काढावी, सूर्यतावदानें असल्यास तीं तोडावींत, मग बॅटरीची ऋण तार सोडावी. १२० व्होल्टचें काम जाणत्या कारागिराकडे द्यावें. धन-ऋणाची अदलाबदल झाल्यास परिवर्तकांतील फ्यूज तत्काळ जळतात, म्हणून प्रत्येक तारेवर खूण करावी. तारा पुरेशा जाड असाव्यात, आणि बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज असावा. शेवटीं दाब मोजावयाचा तो परिवर्तकाच्या तोंडाशीं नव्हे, तर पूर्ण प्रवाह चालू असतांना बॅटरीच्या दोन टोंकांवर. तेथें १४ च्या वरचा आंकडा हळूहळू चढतांना दिसला, म्हणजे त्या कुटुंबानें वाळवंटाकडे निघण्यास हरकत नाहीं.