धुऱ्यावरची बोरी

वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातील केनवडच्या परिसरात शेतात सोयाबीन आणि तूर असते, तर धुऱ्यावर कुणीही न लावलेली बोरी. मग ती तिथे आली कशी?

बोराची ‘बी’ म्हणजे खरे तर फळाचे टणक आतले कवच. खऱ्या बिया त्याच्या आत असतात, एक किंवा दोन. कोल्हा पडलेली बोरे कवचासकट गिळतो. गर पचतो, कवच विष्ठेतून दूरवर पडते. धुऱ्यावर नांगर फिरत नसल्याने तिथले रोप वाचते. गर ही बोरीने वाहतुकीसाठी मोजलेली मजुरीच आहे.

रोपाचे गुराढोरांपासून रक्षण काटे करतात. पेराशी बहुधा दोन काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. ही उपपर्णांची रूपांतरे आहेत. खाटीक पक्षी पकडलेले नाकतोडे अशाच काट्यांना टोचून ठेवतो. पावसाळा सरताना येणाऱ्या हिरवट-पिवळ्या फुलांवर माश्या, गांधिलमाश्या आणि मधमाश्या येतात. पाल्यावर काही लहान फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, तर फांद्यांवर लाखेचे किडे पोसता येतात.

तुळशीचे लग्न लागेपर्यंत बोरे खायची नाहीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्यामुळे फळ पिकायला अवधी मिळतो. बोरे भरात येतात ती संक्रांतीच्या सुमारास. म्हणूनच ती सुगडात असतात आणि बोरन्हाणात मुलांच्या डोक्यावरून ओततात. शबरीच्या उष्ट्या बोरांची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण वाल्मीकिरामायणात ती नाही. ती नंतरच्या परंपरेतली आहे. बोरात ‘क’ जीवनसत्त्व सफरचंदापेक्षा कितीतरी जास्त असते, हेही मुलांना सांगावे.

धुरा साफ करताना मात्र पहिली कुऱ्हाड बोरीवर पडते. तिची सावली पिकावर पडते, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. परंतु त्यासाठी झाड मुळासकट काढण्याची गरज नाही. बोरीची पाने उन्हाळ्यात झडतात. त्या वेळी छाटणी केली, तर सावली कमी होते, काट्यांचे कुंपण होते आणि नव्या फुटीवरच फुले धरत असल्याने फळही चांगले येते. रानबोरीच्या खुंटावर ‘उमराण’सारख्या जातीचा डोळाही भरता येतो.

वर्गासाठी एक प्रयोग: वीस बोरांची कवचे धुऊन वाळवा. दहा तशीच पेरा. उरलेली दहा शिक्षकांनी हलक्या हाताने फोडून आतल्या बिया पेराव्यात. सुट्या बिया साधारण आठ-दहा दिवसांत उगवतात. कवचासकट पेरलेल्यांना महिना किंवा अधिक लागतो. दोन्हींच्या तारखा मुलांनी वहीत नोंदवाव्यात. उगवलेली रोपे पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाशी लावता येतील.