आधी वाक्य, मग मूल्यं

वसई पट्ट्यातली किंवा गोव्यातली सभासदयादी हाती आली, की मी शोधाच्या चौकटीत सगळ्यात आधी डि'मेलो हे आडनाव टाकून बघतो, तेही रोमन लिपीत, कारण त्या अक्षरांमध्ये एक अपॉस्ट्रॉफी असते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा तिथेच पान कोसळतं. प्रोग्रामने क्वेरी तुकडे जोडून बनवलेली असते: 'सिलेक्ट'पासून 'व्हेअर आडनाव बरोबर'पर्यंतचा मजकूर, मग एकेरी अवतरणचिन्ह, मग माणसाने टाइप केलेलं नाव, मग पुन्हा अवतरणचिन्ह. नावातली अपॉस्ट्रॉफी दिसली की डेटाबेस समजतो, मूल्य संपलं. त्याच्या लेखी आडनाव 'डी' एवढंच, आणि उरलेलं 'मेलो' हा आज्ञेचा पुढचा भाग. तशी आज्ञा नसल्यामुळे सिंटॅक्स एरर येते. वाईट हेतूने आलेला माणूस 'मेलो'च्या जागी खरीच आज्ञा लिहितो.

हा धोका नवा नाही. 'फ्रॅक' या ई-मासिकात १९९८ साली त्यावर लिहून आलं होतं. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच मार्गाने बाहेर गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंड दंड झाला. कच्ची होती ती टिस्काली नावाच्या कंपनीचा ब्रिटनमधला व्यवसाय विकत घेताना सोबत आलेली जुनी वेबपानं. जुन्या पानांकडे कुणी वळून बघत नाही, हे कुठल्याही कार्यालयात दिसतं.

यावर बऱ्याच ठिकाणी एक उपाय केलेला आढळतो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो: नावातली अपॉस्ट्रॉफी काढूनच टाकायची. कोड वाचतो, पण माणसाचं आडनाव कायमचं बिघडतं. पुढे ते पावतीवर, ओळखपत्रावर तसंच उमटतं. काही घरं मुळातच अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहितात, त्यामुळे कुणाची होती आणि कुणाची नव्हती हे नंतर कोडने शोधता येत नाही. कागदी फॉर्म पुन्हा उघडावे लागतात.

खरा उपाय क्रम बदलण्यात आहे. पोस्टग्रेस डेटाबेसला क्वेरी पाठवताना मूल्याच्या जागी 'डॉलर-एक', 'डॉलर-दोन' अशा मोकळ्या जागा ठेवता येतात. डेटाबेस आधी ते वाक्य वाचतो, त्याची फोड करतो, टेबल कुठलं, अट कुठली हे पक्कं करतो. मूल्यं त्यानंतर, वेगळ्या निरोपातून येतात. तोवर वाक्याची रचना ठरून गेलेली असते, त्यामुळे मूल्यात अपॉस्ट्रॉफी असो, अर्धविराम असो की अख्खी 'ड्रॉप टेबल' आज्ञा, ती नुसती अक्षरं राहतात. याला पॅरामीटर देणं म्हणतात. स्टोअर्ड प्रोसिजरच्या आत डायनॅमिक क्वेरी चालवायची असेल, तर तिथे 'एक्झिक्यूट'च्या पुढे 'यूझिंग' लिहून मूल्यं द्यायची. तत्त्व तेच.

प्रत्यक्षात क्वेरी इतकी सरळ क्वचितच असते. शोधाच्या पानावर आडनाव, गाव, तारखेपासून, तारखेपर्यंत असे चार रकाने असतात आणि चारही ऐच्छिक. कोणता भरलेला आणि कोणता रिकामा, याच्या सोळा शक्यता होतात. त्या सोळा क्वेऱ्या कुणी लिहीत नाही. इथेच हात पुन्हा तुकडे जोडायला वळतो, आणि जोडायलाही हरकत नाही, फक्त काय जोडतो ते बघायचं. मी दोन याद्या ठेवतो. एकीत अटींचा मजकूर, तोही माझ्याच कोडमध्ये लिहिलेला, दुसरीत मूल्यं. आडनाव भरलेलं असेल तर पहिल्या यादीत 'आडनाव बरोबर डॉलर-एक' आणि दुसरीत ते नाव. शेवटी पहिली यादी 'अँड'ने जोडायची. बाहेरून आलेलं एकही अक्षर पहिल्या यादीत शिरत नाही, आणि ते रिव्ह्यू करणाऱ्याला वाचता क्षणी दिसतं. लांबलचक जोडाजोडीत, अवतरणचिन्हांच्या गर्दीत, तेच दिसायचं बंद होतं. म्हणून माझ्या लेखी स्वच्छ क्वेरी आणि सुरक्षित क्वेरी ही दोन कामं नाहीतच.

पॅरामीटर मात्र सगळीकडे चालत नाही. मोकळ्या जागेत मूल्य बसतं. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव बसत नाही. 'ऑर्डर बाय डॉलर-एक' लिहून 'तारीख' पाठवली, तर पोस्टग्रेस तक्रार करत नाही आणि क्रमही लावत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक ओळीला 'तारीख' हा एकच शब्द मिळाला. अशी चूक चाचणीतून सहज निसटते, कारण दोन-चार ओळींची यादी योगायोगाने क्रमाने दिसते.

कॉलमच्या नावासाठी 'फॉरमॅट' फंक्शनमध्ये टक्का-आय हे चिन्ह आहे. गरज असेल तिथे ते नावाभोवती दुहेरी अवतरण घालतं. वाक्य मोडत नाही, हे खरं. पण पानावरून आलेलं नाव पासवर्डच्या कॉलमचं असेल, तर तेही नीट अवतरणात बसेल आणि यादी त्याच क्रमाने लागेल. म्हणून पानावरून फक्त 'तारीख' किंवा 'नाव' असा पर्याय घ्यायचा आणि त्याचा खरा कॉलम कोडमधल्या ठरलेल्या यादीतून काढायचा. यादीत नसेल तर नकार. चढता-उतरता क्रमही तसाच, दोनच शब्दांतून.

'लाइक'ने शोधताना आणखी एक गोष्ट निसटते. पॅरामीटर दिला तरी टक्का आणि अंडरस्कोर यांचा 'लाइक'मधला अर्थ जिवंतच राहतो. ईमेल पत्त्यात अंडरस्कोर असला की तो कुठल्याही एका अक्षराशी जुळतो आणि भलत्याच सभासदांची नावं यादीत येतात. ती दोन चिन्हं आधी एस्केप करावी लागतात.

या सगळ्यानंतरही शोधाचं पान ज्या डेटाबेस-खात्याने जोडलेलं असतं, त्याला फक्त वाचण्याची परवानगी असावी. ती अट मी काम हाती घेतानाच मागतो.

आणि गावांची यादी. एकाहून जास्त गावं निवडता येत असतील, तर कंसात नावं जोडत बसण्यापेक्षा सगळी यादी एकाच पॅरामीटरमध्ये ॲरे म्हणून देतो आणि 'बरोबर एनी डॉलर-तीन' लिहितो. एक गाव असो की चाळीस, क्वेरीचा मजकूर बदलत नाही. रिकामी यादी गेली, तर एकही ओळ येत नाही. पण एकही गाव न निवडणाऱ्या माणसाला सगळी गावं हवी आहेत की कुठलंच नको, हे कोडमधून ठरत नाही. ते संस्थेच्या कार्यालयात रोज यादी काढणाऱ्यांना विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत ती अट क्वेरीत घालत नाही.