न पाहिलेले सोबती

मुलांनो, घर बांधायचे असेल तर गवंडी, सुतार आणि रंगारी यांना एका जागी यावे लागते. भिंत एका गावात आणि छप्पर दुसऱ्या गावात, असे चालत नाही. पण काही कामे अशीही आहेत, की ती करणारी माणसे निरनिराळ्या देशांत असतात आणि त्यांतल्या कित्येकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. संगणकाची आज्ञावली तयार करणे हे असेच एक काम आहे.

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या ओळींना आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. एखादा हलवाई आपल्या मिठाईची कृती कोणाला सांगत नाही, तशा अनेक कंपन्या या ओळी गुप्त ठेवतात. काही आज्ञावल्या मात्र सर्वांसाठी खुल्या असतात. त्या कोणीही वाचाव्यात, वापराव्यात, सुधाराव्यात. त्यांना 'ओपन सोर्स' म्हणतात.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने छंद म्हणून एक आज्ञावली लिहायला घेतली आणि संगणकांच्या जाळ्यावरून लोकांच्या सूचना मागवल्या. लोकांनी सूचना दिल्या, दुरुस्त्याही पाठवल्या. तीच पुढे 'लिनक्स' म्हणून प्रसिद्ध झाली. आज अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्सच असते.

हे काम चालते कसे? समजा, तुम्हांला त्यात एक चूक सापडली. तुम्ही ती दुरुस्त करता आणि बदललेल्या ओळी ई-मेलने पाठवता. या दुरुस्तीला 'पॅच' म्हणजे ठिगळ म्हणतात. तो भाग सांभाळणारा जाणकार ती तपासतो. इतर लोकही वाचतात आणि प्रश्न विचारतात. कधी ठिगळ दोन-तीनदा परत येते. कधी बोलणीही खावी लागतात. टोरवाल्ड्स यांनी तर आपल्या कठोर बोलण्याबद्दल २०१८ साली जाहीर माफी मागितली! पण तुमचे गाव कोणते, पदवी कोणती, हे सहसा कोणी विचारत नाही. दुरुस्ती योग्य ठरली, की ती तुमच्या नावासह नोंदली जाते.

ओळी लिहिता आल्या नाहीत, तरी मदत करता येते. फायरफॉक्स ही खुली आज्ञावली उर्दूत आणि मराठीतही वापरता येते. तिच्यातील शब्दांचे भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या तुमच्यासारख्यांना हे काम अवघड नाही.

आता तुम्ही विचाराल, माणूसच दिसत नाही, तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? त्याच्या कामावरून. पण काम पाहूनही फसगत होऊ शकते. 'एक्स-झेड' नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. ती मोठी फाइल दाबून लहान करते. ती जगभर वापरली जाते, पण बरीच वर्षे एकच माणूस ती बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. तेव्हा 'जिया टॅन' या नावाने कोणी अनोळखी व्यक्ती मदतीला आली. दोन वर्षांहून अधिक काळ तिने चांगले काम केले. त्याच काळात दुसरी काही अनोळखी नावे पत्रे लिहून त्या थकलेल्या माणसाला टोचत होती, की काम फार हळू चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या. शेवटी त्याने अधिकार दिले. २०२४ च्या सुरुवातीला जिया टॅनने त्या आज्ञावलीत एक चोरदरवाजा लपवला.

अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना मार्च २०२४ मध्ये दिसले, की दूरच्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी तिकडे लक्षही दिले नसते. त्यांनी चिकाटीने शोध घेतला, चोरदरवाजा सापडला आणि २९ मार्च रोजी त्यांनी ते सर्वांना कळवले. बिघडवलेली आवृत्ती तेव्हा मुख्यतः चाचणीच्या संगणकांपर्यंतच पोहोचली होती. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे आजवर उघड झालेले नाही. तो थकलेला मूळ माणूस मात्र पुन्हा कामाला लागला आणि मे महिन्यात त्याने स्वच्छ केलेली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली.