कन्नडचा उच्चार मोबाइलवर पारखताना

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातले, मलप्रभेच्या उगमाचे गाव. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारा रस्ता इथूनच जातो. घरात मराठी, घाट उतरल्यावर कोकणी, आणि बेळगावच्या कचेरीत, बँकेत कन्नड. २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातल्या मराठी शाळांतही कन्नड शिकवावी लागते. मुले अक्षरे गिरवतात, वाचतातही. पण बोलायची वेळ आली की उच्चार अडतो. त्यासाठी फुकट मिळणारी साधने चांगली आहेत, मात्र ती नेमकी कशासाठी वापरायची हे आधी ठरवावे लागते.

मराठी माणसाची खरी अडचण ळ किंवा ण नाही. ते आपल्याकडे आहेतच. अडचण ए आणि ओ यांची आहे. कन्नडमध्ये हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत. ऱ्हस्व ए देवनागरीत ऎ असा, ऱ्हस्व ओ ऒ असा लिहिता येतो. मराठीला त्याची गरज पडत नाही म्हणून ही चिन्हे शाळेत भेटत नाहीत. आता ऐका: ‘बॆळॆ’ म्हणजे पीक, ‘बेळॆ’ म्हणजे डाळ, ‘बॆलॆ’ म्हणजे किंमत. ‘कॊडु’ म्हणजे दे, ‘कोडु’ म्हणजे शिंग. बाजारात हा फरक रोज लागतो.

गुगल ट्रान्सलेटमध्ये कन्नड निवडून शब्द कन्नड लिपीतच लिहा. रोमनमध्ये ‘बॆळॆ’ आणि ‘बेळॆ’ सारखेच लिहिले जातात, मग यंत्राने तरी काय ओळखावे? दीर्घ स्वराची खूण सोपी आहे: ऱ्हस्व अक्षराच्या उजवीकडे एक शेपटी जोडतात, आणि तीच शेपटी ई, ए, ओ तिघांना चालते. लिहून झाले की ध्वनिचिन्ह दाबा. पुन्हा दाबले की तोच शब्द सावकाश ऐकू येतो. एकच शब्द दहादा ऐकण्यापेक्षा जोडी ऐका, एकामागून एक. फरक कानाला कळल्याखेरीज जिभेला जमत नाही.

हा आवाज यंत्राने घडवलेला असतो: ध्वनिमुद्रणांवरून शिकून ते नवा शब्द उच्चारते. म्हणून फोर्वो या संकेतस्थळावरही तोच शब्द शोधा. २००८ पासून चालणाऱ्या या संग्रहात माणसांनी स्वतःच्या आवाजात शब्द म्हटलेले आहेत. सगळे शब्द सापडत नाहीत; सापडले तर दोन-तीन आवाज ऐका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. फोनच्या रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज घ्या आणि मूळ उच्चारानंतर लगेच ऐका. दीर्घ स्वराला ऱ्हस्वाच्या दुप्पट मात्रा द्यायची, एवढेच पाहा. ‘जास्ति’ म्हणताना ज कसा येतो तेही तपासा: मराठी ‘जास्त’मधला ज दातांजवळचा, कन्नडमधला ‘जीवन’सारखा तालव्य.

बोलून टाइप करण्याच्या सोयीत कन्नड निवडून शब्द म्हणून पाहता येतो. यंत्राने भलताच शब्द लिहिला तर काहीतरी चुकले असावे. बरोबर लिहिला म्हणून उच्चार बिनचूक ठरत नाही, कारण ते अंदाजही बांधते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही साधने प्रमाण कन्नड बोलतात. ती ‘आहे’ला ‘इदॆ’ आणि घराला ‘मनॆ’ म्हणतील. बेळगाव-धारवाडकडे ‘ऐति’ आणि ‘मनि’ ऐकू येईल. दोन्ही कन्नडच. परीक्षेसाठी पहिली शिका, बाजारासाठी दुसरी ओळखायला शिका. आणि शिकलेली वाक्ये कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला, शिक्षकांना नक्की म्हणून दाखवा. यंत्राच्या कानातून सुटलेली चूक ते लगेच सांगतील.