शेतात मेंढरं बसवणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पारनेर, संगमनेर किंवा श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याने ‘यंदा वरच्या पट्टीत मेंढरं बसवली’ असं म्हटलं, तर त्याचा अर्थ तिथे कुणाला विचारावा लागत नाही. पीक निघालेल्या रानात धनगराचं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, रात्रभर मुक्कामाला ठेवायचं, लेंड्या आणि मूत जमिनीत पडू द्यायचं आणि दुसऱ्या रात्री खांड पुढच्या तुकड्यात सरकवायचं, असं करत सगळं वावर खतवायचं. महामार्गावरून जाताना गाडीच्या काचेतून हे दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात मात्र या रिवाजाबद्दल बऱ्याच चुकीच्या समजुती असतात. काही तर शेतकऱ्यांच्याही मनात असतात.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे शेतकरी दयेपोटी धनगराला शेतात उतरू देतो. खरं तर तो रोखठोक व्यवहार आहे. मेंढरं बसवण्याचा मोबदला शेतकरी धनगराला देतो. पूर्वी ज्वारी-बाजरी दिली जाई, कोकणात भात. आता बहुतेक ठिकाणी पैसे. दर मेंढरांच्या संख्येवर आणि रात्रींवर ठरतो, त्यावर घासाघीस होते, आणि ती धनगर बाया अनेकदा पुरुषांपेक्षा कडक करतात. चारा दुर्मिळ झाला की पारडं फिरतं. मग पिकाचा पाला चारायला धनगरालाच पैसे मोजावे लागतात. बागायत पट्ट्यात हे नवं राहिलेलं नाही.

दुसरा गैरसमज: धनगर पाणी-चारा दिसेल तिकडे भटकतो. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावचे वाडे पावसाळा गावाकडे काढतात आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे निघतात. ‘वाडा’ म्हणजे इथे घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा, त्यांच्या मेंढरांचा, घोड्यांचा आणि कुत्र्यांचा तांडा. पुढे कोण जाऊन रान बघणार, मुक्काम कुठे टाकायचा, हे ठरलेलं असतं. कोणत्या गावात कुणाच्या शेतात उतरायचं, याचे संबंध तर पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उन्हाळ्यात एवढं खांड जगवणं अशक्य. उलट कोकणात भात कापलं की खाचरं मोकळी होतात आणि तिथल्या शेतकऱ्याला खत हवं असतं. जून जवळ आला की परत फिरायचं, कारण कोकणचा पाऊस आणि चिखल मेंढराच्या खुरांना सोसत नाही. यात योगायोग कुठेच नाही.

‘लेंडीखत ते लेंडीखत, शेणखताची सर येत नाही’ असं म्हणणारे अजून भेटतात. कृषिशास्त्राची पाठ्यपुस्तकं उघडली तर चित्र उलट दिसतं. शेळ्या-मेंढ्यांच्या खतात साधारण 3 टक्के नत्र, 1 टक्का स्फुरद आणि 2 टक्के पालाश धरतात. नेहमीच्या शेणखतात नत्र सुमारे 0.5 टक्के, स्फुरद 0.2 आणि पालाश 0.5 टक्के. त्यातही गोठ्यातून उचलून आणलेल्या खतात मूत वाया गेलेलं असतं. बसवलेल्या मेंढरांचं मूत थेट मातीत मुरतं, आणि वाहतुकीचा खर्च शून्य. मात्र इथेच शेतकरी एक चूक करतो. मेंढरं उठल्यावर रान तसंच उन्हात पडू देतो. नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. लेंड्या लगेच कुळवाच्या हलक्या पाळीने मातीआड करायच्या असतात. पैसे मोजून आणलेलं खत वाऱ्यावर सोडण्यात काय शहाणपण?

मेंढरांमुळे तण वाढतं, असं एक जण सांगतो. मेंढरं तण संपवतात, असं दुसरा. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोवळं तण ती खाऊन टाकतात, पण वेड्या बाभळीसारख्या झाडांच्या कडक बिया त्यांच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात. बाभळीच्या शेंगा खाऊन आलेलं खांड बसवलं असेल तर पावसाळ्यात रोपं उगवताना बघा आणि लहान असतानाच उपटा.

लोकर विकून धनगर मालामाल होतो, ही शहरी समजूत. आपल्याकडची दख्खनी मेंढी मुख्यतः काळी, काटक आणि मांसासाठी पाळली जाते. तिची लोकर भरड. मऊ स्वेटरला तिचा उपयोग नाही. सणगर कारागीर चिंचोक्याची खळ देऊन तिची घोंगडी विणतात, पण घोंगडीचं गिऱ्हाईक कमी झालं आणि लोकरीचा भावही पडला. या मेंढीवर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संशोधन चालतं. ‘गावठी म्हणजे निकृष्ट’ म्हणणाऱ्यांनी ते काम जरूर पाहावं.

शेतात मेंढरं बसवणं हे मागासपणाचं लक्षण आहे, असाही सूर निघतो. इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर लाकडी फाटकांच्या कुंपणात मेंढरं रात्री शेतात कोंडून खतवण्याची पद्धत शतकानुशतके चालू होती, आणि तिथलं गव्हाचं पीक तिच्यावर उभं होतं. आपल्या धनगराची वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, तेच काम करते. अमेरिकी गुराख्यांच्या ‘कॉरल’शी मात्र तिची गल्लत नको. ते गुरं आवरण्यासाठी कोंडायचं आवार. शेत खतवणं हा त्याचा हेतू नाही.

शेवटचा गैरसमज भांडणाचा. मेंढरं पिकात शिरली तर ती आपली झाली किंवा दंड होईपर्यंत आपण अडकवून ठेवू, असं काही जण मानतात. 1871 च्या गुरे-अतिक्रमण कायद्यानुसार जनावर 24 तासांत कोंडवाड्यात पाठवायचं असतं. त्या मूळ कायद्यात मेंढरामागे दंड एक आणा, हत्तीमागे 2 रुपये! आकडे जुने असले तरी तत्त्व तेच: नुकसानीची दाद मागता येते, जनावर ठेवून घेता येत नाही. भांडणं वाढली, त्यामागे धनगराचा हट्ट कमी आणि कालवे जास्त आहेत. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, पुढे मुळा धरण आलं, ऊस-कांदा आला आणि बारमाही पिकात मोकळं रान उरलं नाही.

यंदा मेंढरं बसवणार असाल तर दर, रात्री आणि कोणत्या पट्ट्यात बसवायचं, हे आधी ठरवा. शेजाऱ्याचा बांध दाखवून द्या. आणि खांड उठलं की त्याच दिवशी कुळव जुंपा.