आधी पिक्सेल, मग क्वालिटी

बँकभरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना अनेकांचं घोडं फोटोपाशी अडतं. आयबीपीएसच्या सूचनेत माप दिलेलं असतं: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी; सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. हाताशी असते कॅमेऱ्यातली आठ-दहा एमबीची फाइल. मग ती एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, एक्स्पोर्टची खिडकी आली की क्वालिटीचा स्लायडर मागे ओढायचा, आणखी मागे ओढायचा, इतका की चेहऱ्यावर चौकोन उमटतात. तरीही फाइल ५० केबीच्या आत येत नाही. शेवटी वैतागून फोटो आणि सही कुठल्यातरी ओळखपाळख नसलेल्या वेबसाइटवर चढवून ‘कॉम्प्रेस’ करून घेतली जाते. आपली सही अशी परक्याच्या हवाली करणं मला फार खटकतं, कारण हे काम घरच्या कॉम्प्युटरवर, गिंपसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत होतं. फक्त क्रम बरोबर हवा.

फोटोची मापं तीन. त्यात पिक्सेल किती, फाइल किती केबीची आणि कागदावर तो किती इंचांचा येणार. यातलं पिक्सेलचं माप आधी ठरवायचं असतं. बाकीची दोन त्याच्या मागून येतात. स्लायडर ओढणारा माणूस नेमकं हेच माप विसरलेला असतो.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला फोटो ६००० बाय ४००० असतो, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. हिशेब ७२ एमबीवर जातो. तो आठ-दहा एमबीवर आणण्याची करामत जेपेगची. १९९२ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या या पद्धतीच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं गणित आहे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्यात रंग-उजेडाचे संथ बदल किती आणि बारीक, झटपट बदल किती, हे या गणिताने वेगळं काढता येतं. डोळ्याला संथ बदल नीट दिसतात, बारीक तितके जाणवत नाहीत. म्हणून बारीक बदलांचे आकडे ढोबळ केले जातात. किती ढोबळ, ते क्वालिटीचा स्लायडर ठरवतो. साध्या भिंतीपुढे काढलेला फोटो हलका आणि तेवढ्याच पिक्सेलचा भातशेताचा किंवा जरीच्या पैठणीचा फोटो जड होतो, त्याचं कारण हेच. कमी उजेडात काढलेल्या फोटोतले रंगीत दाणेही असेच केबी खातात.

आता २ कोटी ४० लाख पिक्सेल ५० केबीत कोंबायला गेलं की काय होतं ते बघा. तुकडे होतात ३ लाख ७५ हजार. ५० केबी म्हणजे ४ लाख ९ हजार ६०० बिट. एका तुकड्याच्या वाट्याला जेमतेम एक बिट! त्यात ६४ पिक्सेल मांडायचे कसे? तोच फोटो आधी २०० बाय २३० केला, तर तुकडे उरतात ७२५ आणि प्रत्येकाला साडेपाचशेहून जास्त बिट मिळतात. चेहरा व्यवस्थित राहतो. इतका, की पुष्कळदा अडचण उलटी होते: फाइल २० केबीच्या खाली जाते आणि अर्ज तीही घेत नाही. तेव्हा क्वालिटी ९५च्या वर न्यायची, बस्स.

गिंपमध्ये क्रम असा. क्रॉपच्या टूलमध्ये २००:२३० हे प्रमाण पक्कं करून आधी फोटो कापायचा. ही पायरी टाळू नये. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, त्याचं प्रमाण वेगळं. तो न कापता नुसताच २०० बाय २३०मध्ये ताणला, तर चेहरा सुमारे १२ टक्के रुंद दिसतो. परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना हा ताणलेला चेहरा समोर यावा असं कुणालाच वाटणार नाही. मग ‘स्केल इमेज’मध्ये माप घालायचं आणि शेजारची साखळी जोडलेलीच ठेवायची. एक्स्पोर्ट करताना प्रिव्ह्यूच्या चौकटीत टिक केली की स्लायडर हलेल तशी फाइल किती केबीची होईल तेही दिसतं. एक्झिफ (फोटोसोबत साठवलेल्या नोंदी) आणि थंबनेलच्या टिका काढाव्यात. दहा एमबीत त्यांचं वजन जाणवत नाही, वीस केबीत जाणवतं. शिवाय मोबाइलच्या फोटोतल्या एक्झिफमध्ये घराचं ठिकाणही नोंदलेलं असू शकतं.

लाइटरूमवाल्यांसाठी एक इशारा. तिथे ‘लिमिट फाइल साइज टू’ असा सोयीचा रकाना आहे, पण तो पिक्सेल कमी करत नाही, केवळ क्वालिटी उतरवतो. त्यामुळे ‘रिसाइझ टू फिट’मध्ये लांब बाजू आधी भरावीच लागते. फुल एचडी पडद्यासाठी १९२० पुरे. लहान केलेला फोटो थोडा मऊ पडतो, म्हणून त्याच खिडकीतलं ‘स्क्रीन’साठीचं शार्पनिंग चालू करावं. रंग एसआरजीबीत ठेवावेत, नाहीतर काही पडद्यांवर ते फिके दिसतात.

राहिले इंच. रिझोल्यूशनच्या रकान्यात ७२ चे ३०० केले की फोटो सुधारतो, हा समज आजही घट्ट आहे. पिक्सेल तेवढेच ठेवून तो आकडा बदलला, तर फोटोतलं काहीच बदलत नाही. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची ती नुसती सूचना. इंचाला ३०० धरले तर ४ बाय ६च्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात आणि अल्बमच्या १२ बाय १८च्या पानाला ३६०० बाय ५४०० लागतात. अर्जासाठी केलेली २०० पिक्सेलची फाइल याच हिशेबाने जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर रुंद छापली जाईल. म्हणून एक्स्पोर्ट नेहमी नव्या नावाने करावं आणि मूळ फाइलला हात लावू नये. एकदा गेलेले पिक्सेल मोठं करून परत येत नाहीत. आणि लग्नाचे फोटो छापायला स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप आपल्या मापाने ते पुन्हा लहान करतं.